अर्धवट कादंबरी कधी वाचायला द्यावी?

प्रश्न: सोलापूरच्या यंत्रमाग कामगारांवर कादंबरी लिहितेय. निम्मी झाली, शेवट अजून दिसत नाही. मैत्रीण वाचायला मागतेय. देऊ का?

प्रतिसाद: अजून नको, ताई. "नायिका फार सोसते" एवढं जरी कुणी म्हणालं, तरी पुढच्या प्रकरणात ती उगाच भांडायला लागते. ते भांडण तिचं नसतं, वाचणाऱ्याचं असतं. म्हणून पहिला खर्डा पुरा होईपर्यंत मी कुणालाच दाखवत नाही. अमेरिकन कादंबरीकार स्टीफन किंग यांनीही लेखनावरच्या 'ऑन रायटिंग' या पुस्तकात (2000) पहिला खर्डा दार लावून लिहायला आणि मग निदान 6 आठवडे बाजूला ठेवायला सांगितलंय.

तपशिलांसाठी मात्र थांबू नका. सोलापूरच्या पूर्व भागातली कितीतरी पद्मशाली (विणकर समाजातली) कुटुंबं घरात तेलुगू बोलतात. त्यांचे संवाद पुस्तकी मराठीत असतील तर सगळं खोटं वाटेल. तेवढी पानं माग चालवलेल्या माणसाला आत्ताच मोठ्यानं वाचून दाखवा. कथानक सांगू नका.

दुसरा प्रतिसाद: सहमत. मैत्रिणीला देताना "कुठे कंटाळलीस?" एवढंच विचारा.

प्रश्नकर्ती: रात्रपाळीचं प्रकरण शेजारच्या काकांना वाचून दाखवते. मैत्रिणीला थांबायला सांगितलंय.