गहू सोडला की सोरायसिस जातो म्हणे!

लातूरवेस:
आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरायलीय, तुमच्याकडेही आली असेल. गहू, दूध, वांगं, आंबट बंद. ज्वारीची भाकरी आणि मुगाचं वरण चालू. आणि सगळ्यात भारी म्हणजे 'सगळ्या गोळ्या पहिल्याच दिवशी फेकून द्या, तेच विष आहे'. तीन महिन्यांत सोरायसिस, म्हणजे तो कातडीवर खपल्या धरणारा रोग, मुळासकट जातो म्हणे. खाली हात जोडणाऱ्यांची ही रांग.

पथ्य पाळा, भाकरी खा, कुणी अडवलंय? पण गोळ्या फेका म्हणणाऱ्याला काही कळतं का? पोटातून स्टिरॉइड घेणाऱ्याने ते एकदम सोडलं तर अंगभर पू भरलेल्या फोडांचा सोरायसिस उसळू शकतो. तसा पेशंट तापाने फणफणत दवाखान्यात भरती होतो. तेव्हा पोस्टवाले दादा कुठं असतात?

आहाराबद्दल बोलायचं तर २०१८ साली अमेरिकेच्या नॅशनल सोरायसिस फाउंडेशनच्या वैद्यकीय मंडळाने उपलब्ध अभ्यास तपासून शिफारशी दिल्या. ठामपणे एकच सांगितलं: वजन जास्त असेल तर कमी खाऊन ते उतरवा. ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन, सोडायचं ते ज्यांच्या रक्ततपासणीत त्याचा त्रास दिसतो त्यांनी. सरसकट गहूबंदी कुठून आली?

धारूरकर:
अमेरिकेच्या मंडळाने आमच्या बाबांना बघितलं होतं का? कोपरं, गुडघे, डोकं सगळीकडं खपल्या. काळा सदरा घातला की खांद्यावर चुना सांडल्यागत. लातूर झालं, संभाजीनगर झालं. मलम लावलं की आठ दिवस बरं, सोडलं की दुप्पट. शेवटी कंटाळून गहू सोडला, रात्रीचं जेवण दिवस मावळायच्या आत, भाकरी अन् पातळ वरण. आज कोपरं साफ आहेत. डोळ्यानं बघितलेलं खोटं अन् तुमचं मंडळ खरं?

निवळीची_ताई:
मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे, म्हणून विचारते. राग मानू नका.
बाबांचं वजन किती उतरलं? पथ्य धरलं तेव्हा 'ते' पण बंद झालं का, रात्रीचं? आणि मलम कुणी दिलं होतं, डॉक्टरने की मेडिकलवाल्याने?

धारूरकर:
वजन उतरलंय, कपडे ढिले झालेत. पिणं बंद केलं, ते पथ्यातच येतं. मलम मेडिकलवरून आणायचो, मग काय करायचं? दर ट्यूबला डॉक्टरची फी कुणी भरायची, तुम्ही?

निवळीची_ताई:
झालं की मग! वजन उतरलं, दारू सुटली. या दोन्हींचा सोरायसिसशी संबंध सगळे डॉक्टर सांगतात. तुम्ही श्रेय देताय गव्हाला.
आणि 'लावलं की बरं, सोडलं की दुप्पट' ही त्या कडक स्टिरॉइड मलमांची खूणच. २०१८ पासून ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, पण आपल्याकडं गजकर्णाला तेच, सोरायसिसला तेच, तोंडावर गोरं व्हायला पण तेच.

शेतशिवार_परभणी:
सगळे 'ज्वारी खा, ज्वारी खा' करायलेत. पेरतं कोण? २०२३ ला भरडधान्याचं वर्ष साजरं झालं, भाषणं झाली. आमच्या विद्यापीठाने परभणी मोती दिली, परभणी शक्ती दिली, लोह-जस्त जास्त असलेली. वाण झकास. पण पाखरं राखायला माणूस नाही, रानडुकरं रात्रीत फडशा पाडतात, काढणीला अन् कणसं खुडायला मजूर मिळंना. सोयाबीन शंभर दिवसांत हातात येतं, यंत्राने निघतं. मग सगळं शिवार सोयाबीन. आता भाकरीचं पथ्य सांगणारे त्याच बाजारात येऊन 'ज्वारी महाग झाली हो' म्हणतात.

लातूरवेस:
दादा, विषय कातडीचा आहे.

शेतशिवार_परभणी:
विषय ताटाचाच आहे. रेशनला गहू-तांदूळ येतोय इतकी वर्षं. गरिबाने गहू सोडायचा म्हणजे रेशन सोडायचं का? पोस्ट लिहिणाऱ्याला हे सुचणार नाही, त्याच्या घरी ज्वारी पाकिटातून येते.

हिंगोलीची_लेक:
हा मुद्दा बरोबर आहे. पण तुम्हा बाप्यांना आणखी एक गोष्ट दिसत नाही. पथ्य माणसाचं असलं तर अख्खं घर भाकरी खातं. बाईचं असलं तर तिच्यासाठी वेगळं कोण करणार? तिने आधी सगळ्यांच्या पोळ्या लाटायच्या आणि मग स्वतःची एक भाकरी थापायची.
मला लग्नाआधीपासून आहे. सासरी कळलं तेव्हा पहिल्यांदा माझं पाणी प्यायचं फुलपात्र वेगळं झालं. हा रोग लागत नाही, हे सांगून जीभ झिजली. सगळे फक्त वांगं का खाल्लंस विचारतात. वांगं मी आयुष्यात आवडीने खाल्लेलं नाही! माझं वाढतं ते थंडीत आणि घरात कटकट झाली की. कटकटीचं पथ्य कुणी लिहीत नाही.

वैद्यविद्यार्थी:
चरकाने कुष्ठाच्या, म्हणजे कातडीच्या रोगांच्या, कारणांत विरुद्ध आहार सांगितलाच आहे. दुधाबरोबर मासे वगैरे. तुम्ही लोक अमेरिकेचं मानता, आपलं हसण्यावारी नेता.

लातूरवेस:
हसलं कोण? दूध-मासे एकत्र खाऊ नका, आमच्याकडे तसंही कुणी खात नाही. पण गोळ्या फेकून द्या असं चरकाने कुठं लिहिलंय ते दाखवा.

धारूरकर:
गोळ्या गोळ्या! ती सोरायसिसवरची मेथोट्रेक्सेट म्हणे आठवड्यातून एकदाच घ्यायची. शेजारच्या गावात एकाने रोज घेतली, तोंड सोलून निघालं, रक्त कमी झालं, मरता मरता वाचला. अशी गोळी सोडली बाबांनी, बरंच केलं.

निवळीची_ताई:
रोज घेतली तर जिवावर बेततेच, म्हणून तर वार ठरवून, कागदावर लिहून द्यायला पाहिजे. दर काही आठवड्यांनी रक्त, लिव्हर तपासायला पाहिजे. तिथं तो डॉक्टर चुकला असेल तर त्याला धरा.
आता एक खरं सांगा. बाबांची बोटं सकाळी आखडतात का? सुजतात का? नखांवर टाचणी टोचल्यासारखे खड्डे आहेत?

धारूरकर:
उठल्यावर तासभर मूठ वळत नाही. ते वय झालंय म्हणून. नखं खराब आहेत, शेतात काम करतात.

निवळीची_ताई:
वय नसेल ते. सोरायसिस सांध्यात पण उतरतो. कातडी साफ दिसते अन् आत सांधा झिजत राहतो, एकदा वाकडं झालेलं बोट पथ्याने सरळ होत नाही. या आठवड्यात संधिवातवाल्या डॉक्टरला दाखवा. भांडण नंतर करू.

लातूरवेस:
हेच मी पहिल्यापासून सांगायलोय, पण इथं ऐकतो कोण.

धारूरकर:
तुम्ही गप बसा, तुमचं ऐकून नाही दाखवायलो. ताईंनी नीट विचारलं म्हणून दाखवतो. पण डॉक्टरने 'काही पण खा' म्हटलं तरी आमच्या घरात गहू येणार नाही.

हिंगोलीची_लेक:
आणि भाकऱ्या कोण थापतं तुमच्या घरी?

धारूरकर:
आई. का?

शेतशिवार_परभणी:
धारूरकर, नव्या ज्वारीचं बघायचं असलं तर सांगा, मालदांडी पेरलीय. कडबा मात्र मागू नका, तो आधीच गेला.