गाडी रात्रभर उभी राहिली की नळीतलं डिझेल मागे टाकीकडे उतरतं. हवा नेमकी कुठून घुसते?

जुनी फोर बाय फोर, चार सिलिंडर, टर्बो नाही, मेकॅनिकल इंजेक्शन पंप. मूळ फिल्टर काढून मी घरीच पाणी वेगळं करणारा मोठा फिल्टर बसवला. तेव्हापासून सकाळी पंधरा-वीस सेकंद स्टार्टर मारावा लागतो. हँड प्रायमर (नळीत हाताने डिझेल भरायचा छोटा पंप) आठ-दहा वेळा दाबला की मात्र पहिल्याच फटक्यात सुरू. दिवसभर काही त्रास नाही. गंमत म्हणजे गाडी उतारावर तोंड खाली करून लावली, म्हणजे टाकी वर राहिली, तर सकाळीही लगेच सुरू होते.

ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना आत गरम होणारे प्लग) एकेक काढून तपासले, चारही लाल होतात. बँजो बोल्टचे (डिझेलची नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर नवे, क्लिपा बदलल्या. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक नळी टाकली: सकाळी त्यात बोटभर लांबीची हवेची पोकळी दिसते, इंजिन सुरू झाल्यावर बारीक बुडबुडे, मग स्वच्छ. बाहेर कुठेही डिझेलचा ओलावा नाही, अर्थात ओढणाऱ्या बाजूला गळती असेल तर तो दिसेलच असं नाही.

इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या) आणि लिफ्ट पंपाचे (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाचे) वाल्व्ह अजून उघडलेले नाहीत. कॉम्प्रेसर नाही, पायाने मारायचा हवेचा पंप आहे. कारण सापडेपर्यंत इलेक्ट्रिक पंप लावून दोष झाकायचा नाही.

नवा फिल्टर, लिफ्ट पंप आणि रिटर्न नळ्या या तिघांतला दोषी वेगळा काढायचा तर आधी कोणता भाग बंद करून रात्रभर ठेवू? आणि टाकीपासूनची नळी पायपंपाने तपासताना सील न फाटता किती दाब चालेल?