मदत हवी आहे: रक्त काढण्याआधी कुत्र्याला बधिर करणारं मलम कसं लावायचं?

प्रश्न: १२ किलोचा देशी कुत्रा, गोचीड तापाचे उपचार चालू आहेत. दर तपासणीला रक्त काढताना सुई टोचली की पुढचा पाय हिसकावतो. डॉक्टर लिडोकेन-प्रिलोकेनचं मलम घरून लावून आणा म्हणाले. किती लावायचं, किती वेळ आधी?

प्रतिसाद १: कोणत्या पायाची शीर घेणार ते आधी विचारा. तिथले केस दवाखान्यातच मशीनने काढून घ्या. घरी वस्तरा फिरवू नका. कातडी खरचटली तर औषध रक्तात जास्त उतरतं. जागा पुसून कोरडी करा. साधारण २ बाय ४ सेंटिमीटरवर १ ग्रॅम मलम, म्हणजे ५ ग्रॅमच्या ट्यूबचा पाचवा हिस्सा, जाडसर थापा. चोळायचं नाही. वर क्लिंग फिल्म आणि सैलसर बँडेज. हे झाकण महत्त्वाचं, नाहीतर मलम वरच सुकतं. पूर्ण तासभर ठेवा. पंधरा-वीस मिनिटांत फक्त वरची कातडी बधिर होते आणि मग "मलम चालत नाही" असं वाटतं.

काढल्यावर नीट पुसून ५-१० मिनिटं थांबू द्या. मलमाने सुरुवातीला रक्तवाहिन्या आकसतात, कातडी पांढुरकी पडते आणि शीर सापडत नाही.

प्रश्नकर्ता: चाटलं तर?

प्रतिसाद १: चाटू द्यायचंच नाही. सगळा वेळ गळ्यात कोन (चाटता येऊ नये म्हणून घालतात ती शंकूसारखी कॉलर), आणि समोर कुणीतरी बसलेलं. पोटात गेलं तर उलटी, थरथर, झटके येऊ शकतात. प्रिलोकेनमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमताही घटते. हिरड्या तपकिरी किंवा निळसर दिसल्या तर लगेच दवाखाना गाठा. सल्फाची औषधं (जंतुनाशकांचा एक प्रकार) चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा. हेच मलम मांजरीला परस्पर लावू नका, त्यांना धोका जास्त.

प्रतिसाद २: उघडी जखम, गळू, कानाच्या आत हे लावू नये. टाके घालायचे असतील तर डॉक्टर लिडोकेनचं इंजेक्शनच देतात. तुटलेल्या नखावरही उपयोग नाही, नखातून ते उतरत नाही. दाताला लावायचं बेंझोकेनवालं जेल तर अजिबात नको.

आणि एक बघा: पाय धरताक्षणीच हिसकावतो, की सुईला? धरतानाच असेल तर ती भीती आहे, मलमाने जाणार नाही. डॉक्टरांना आदल्या रात्री द्यायच्या गॅबापेंटिनबद्दल (भीती कमी करणारं, शांत ठेवणारं औषध) विचारा. पण माणसांचं सिरप आणू नका, काहींत झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असतं आणि ते कुत्र्याला विषारी आहे.