सबनॉटिका (समुद्रात जीव वाचवत राहायचा कॉम्प्युटर गेम) शिकतोय, दर वेळी बुडतोय. बटणं हातात कशी बसवलीत?

कासव_४७:
नमस्कार मंडळी. भाच्याने दिवाळीच्या सुट्टीत माझ्या लॅपटॉपवर सबनॉटिका टाकून दिला आणि स्वतः हॉस्टेलला पळाला. माझा गेमिंगचा अनुभव म्हणजे शाळेतला मारिओ आणि फोनवरचा कॅरम. सुरुवातीलाच लाइफपॉडमध्ये (पाण्यावर तरंगणारी जीवरक्षक कुपी) आग लागते. ती विझवायला सिलिंडर उचलला आणि पाच मिनिटं नुसता हातात धरून उभा राहिलो. बाहेर पडलो तर पाण्यात वर कुठलं, खाली कुठलं कळेना. पीडीए (गेममधला हातातला छोटा संगणक, सामानही त्यातच दिसतं) उघडून वाचत बसलो तेवढ्यात श्वास संपला. काल संध्याकाळी सात वेळा मेलो. बायको मोजत होती. कंट्रोलर घ्यावा का? का आमचं वयच झालं?

शिंपला:
वयाचा काही संबंध नाही हो. यादी पाठ करायला गेलात की सगळं विसरतं. एकच धरा: माउसची दोन बटणं म्हणजे तुमचे दोन हात. सेटिंगमध्येही त्यांना डावा हात, उजवा हात असंच म्हटलंय. डाव्याने उचलायचं, दार उघडायचं, शिडी चढायची. उजव्याने, हातात जे आहे ते वापरायचं. तुमचा सिलिंडर उजवं बटण दाबून धरलं की फवारतो. स्कॅनरही दाबूनच धरायचा, मधे सोडला की काम अर्धवट. सुरी मात्र एका टिचकीत चालते.

आणि पोहताना स्पेस (वर) आणि सी (खाली) यांच्या मागे फार लागू नका. डब्ल्यू दाबलं की माणूस नजर असेल तिकडे जातो. तळाकडे बघा, डब्ल्यू दाबा, खाली. उजेडाकडे बघा, डब्ल्यू, वर. माझं ऐंशी टक्के पोहणं एवढ्यावरच चालतं.

रात्रपाळी:
शिंपलाताईंना +१. मी म्हणेन आधी अर्धा तास क्रिएटिव्ह मोडमध्ये घालवा. तिथे श्वास, भूक, तहान काहीच नाही.

शिंपला:
इथे माझं जमत नाही तुमच्याशी. बुडायची भीतीच नसेल तर बोटं शिकणार कशी? फार तर फ्रीडम मोड घ्या. भूक-तहान जाते, श्वास मोजावाच लागतो.

सराव असा करा. पॉडच्या अगदी खाली उथळ पाणी आहे. सुरुवातीला श्वास ४५ सेकंदांचा. खाली जा, एक वस्तू उचला, वर या. बस. ३० सेकंद उरल्याची सूचना कानावर पडली की हातातलं काम टाकून वळायचं, 'अजून एक तांबं' करायचं नाही. दहा फेऱ्या झाल्या की डावा हात आपोआप बसतो. साधी ऑक्सिजनची टाकी बनवलीत की ७५ सेकंद मिळतात, मग जरा जीवात जीव येतो.

रात्रपाळी:
बरं, राहिलं. पीडीए टॅबने उघडतो आणि तोवर घड्याळ चालूच असतं, म्हणून तुम्ही गेलात. पीडीए उघडल्यावर खेळ थांबवायची सोय नव्या आवृत्तीच्या सेटिंगमध्ये आहे, ती चालू करा. सामानाच्या खिडकीत वस्तूवर माउस ठेवून १ ते ५ पैकी आकडा दाबला की ती त्या आकड्यावर बसते. माझ्याकडे सुरी १, स्कॅनर २, कायम. आणि सेव्ह स्वतःच करायचं असतं! चार तास गेलेत माझे असे.

कंट्रोलर घरात असेल तर वापरा, यासाठी विकत नको. आधी माउसची संवेदनशीलता निम्मी करा. नजर गरगरते ती त्यामुळेच.

खारवट:
एक शंका: टायपिंगसाठी मराठी फोनेटिक कीबोर्ड चालू ठेवून खेळताय का? माझ्याकडे डब्ल्यू दाबलं की माणूस जागचा हलत नव्हता, कोपऱ्यात मात्र 'व' उमटायचा. विंडोज आणि स्पेस दाबून इंग्रजीवर आणलं तेव्हा सुटलो.

बाकी मी तारकर्लीला डायव्हिंग शिकलो, त्यामुळे माझा त्रास उलटाच. तिथे डोक्यात भरवलेलं की श्वास रोखायचा नाही आणि वर सावकाश यायचं. इथे शंभर मीटरवरून सुसाट वर आलात तरी काही होत नाही. मी बापडा हळूहळू येत होतो आणि बुडत होतो.

कासव_४७:
खारवटशेठ, पाय कुठे आहेत तुमचे? फोनेटिकच होता! डब्ल्यू-ए-एस-डी बसत नाही म्हणून आठवडाभर स्वतःच्या बोटांना शिव्या घालत होतो.

आग विझली. आज अकरा फेऱ्या, दोनच मरणं. दुसरं गुहेत. उजेडाकडे बघून डब्ल्यू दाबलं, पण वर छत होतं. आता सीग्लाइड (पाण्यात हाताने धरून वेगाने ओढत नेणारं यंत्र) करायचाय, बाकी सगळं जमलं, लुब्रिकंट (वंगण) अडलंय. ते कुठून आणू?

शिंपला:
क्रीपव्हाइनच्या जंगलात जा. उंच वेलींना पिवळे चमकणारे बियांचे घोस लटकलेले दिसतील. डावा हात. एक घोस फॅब्रिकेटरमध्ये (पॉडमधलं वस्तू बनवायचं यंत्र) टाकला की लुब्रिकंट तयार. तिथे स्टॉकर नावाचे शिकारी जलचर फिरतात, चावतात. जास्त रेंगाळू नका.