रॉड ड्रेहर: वृत्तपत्राचं डेस्क सुटल्यावर (वाचनकट्टा ग्रुपवरची चर्चा)

वैशाली (बी-४०२): कट्ट्याचा या आठवड्याचा विषय आहे अमेरिकेतला पुराणमतवादी पत्रकार रॉड ड्रेहर. उमेदवारी वृत्तपत्रांत केली, नाव मात्र ब्लॉगमुळे झालं. त्याची मतं बरोबर की चूक यावर आज बोलायचं नाही. काम कसं चालायचं, पैसा कुठून यायचा आणि बिनसलं कुठे, एवढंच लिहा. प्रभाकर काका, सुरुवात तुम्ही करा.

प्रभाकर काका (ए-२०३): आधी नोकऱ्यांचा क्रम सांगतो, पुढचं सगळं त्यातूनच निघतं. जन्म १९६७ चा, वाढला लुईझियानातल्या सेंट फ्रान्सिसव्हिल या लहानशा गावात. लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटीतून पत्रकारितेची पदवी. मग बॅटन रूजच्या ‘ॲडव्होकेट’मध्ये टीव्ही समीक्षक, पुढे ‘वॉशिंग्टन टाइम्स’, फ्लोरिडातलं ‘सन-सेंटिनेल’, आणि १९९८ पासून ‘न्यू यॉर्क पोस्ट’मध्ये चित्रपट समीक्षा. २००२ मध्ये ‘नॅशनल रिव्ह्यू’ या नियतकालिकाकडे, २००३ मध्ये ‘डॅलस मॉर्निंग न्यूज’च्या अग्रलेख मंडळात. तिथे रविवारच्या ‘पॉइंट्स’ या पुरवणीचं संपादनही केलं.

यातल्या बहुतेक जागा परीक्षणाच्या किंवा मताच्या आहेत. समीक्षकाला चित्रपट पाहून लगेच मत बनवावं लागतं आणि दिलेल्या शब्दसंख्येत बसवावं लागतं. रोज दोन-चार लांब पोस्ट लिहिणाऱ्या माणसाला ही तालीम फार उपयोगी पडते. पण पोलीस किंवा कोर्टाच्या बीटवर जो कागद मागायची, दुसऱ्या माणसाला विचारून खात्री करायची सवय लागते, ती परीक्षणातून लागत नाही. हा फरक पुढे दिसतो, असं माझं मत आहे.

मृणाल (सी-५०१): काका, इथे थोडी भर घालते. २००१-०२ मध्ये कॅथलिक चर्चमधल्या लैंगिक अत्याचारांचं प्रकरण बाहेर आलं, तेव्हा त्याने त्यावर चिकाटीने लिहिलं. पीडितांशी, त्यांच्या घरच्यांशी बोलून लिहिलं. तो स्वतः १९९३ मध्ये कॅथलिक झालेला. या विषयात इतका खोल गेला की त्याची श्रद्धाच ढासळली आणि २००६ मध्ये तो ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथात गेला. म्हणजे बातमीदारी त्याला येत नव्हती असं नाही. आतून पेटल्यावर तो ती उत्तम करायचा. रोजच्या लिखाणात मात्र तेवढी खातरजमा करायला वेळच उरत नसे.

प्रभाकर काका (ए-२०३): बरोबर आहे मृणाल. ‘रोजच्या लिखाणात’ हा शब्द महत्त्वाचा.

ओंकार (बी-१०४): ब्लॉग नेमका सुरू कधी झाला? डॅलसची नोकरी सोडून?

मृणाल (सी-५०१): नाही, नोकरी चालू असतानाच. २००२ मध्ये त्याने ‘नॅशनल रिव्ह्यू’त एक लेख लिहिला होता. सेंद्रिय भाजी घेणारे, मोठ्या कंपन्यांवर आणि चंगळवादावर नाराज असणारे लोक पुराणमतवादीही असू शकतात, असा मुद्दा. त्याला खूप पत्रं आली, त्यातून २००६ मध्ये ‘क्रंची कॉन्स’ हे पुस्तक झालं, आणि त्याच नावाने बिलीफनेट या धर्मविषयक संकेतस्थळावर ब्लॉग. त्याची पद्धत तिथेच पक्की झाली: आधी लेख, मग वाचकांची पत्रं, पत्रांतून पुढचा लेख, आणि हे साचलं की पुस्तक.

२०१० मध्ये तो डॅलस सोडून पेनसिल्व्हेनियात टेम्पलटन फाउंडेशनकडे गेला. २०११ मध्ये ‘द अमेरिकन कन्झर्व्हेटिव्ह’ या नियतकालिकाकडे, आणि ब्लॉग त्याच्या संकेतस्थळावर. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बहीण रूथी कर्करोगाने गेली आणि तो सहकुटुंब गावी परतला. तिच्या आजारपणावरच्या पोस्ट वाचून स्तंभलेखक डेव्हिड ब्रुक्सने ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये स्तंभ लिहिला, आणि पुढे तिच्यावरचं पुस्तक २०१३ मध्ये आलं. ‘द बेनेडिक्ट ऑप्शन’ हे पुस्तक तर कितीतरी वर्षं ब्लॉगवर वाद झडत घडत गेलं आणि २०१७ मध्ये छापलं गेलं. तोपर्यंत बहुतेक आक्षेप वाचकांनी आधीच घेऊन झालेले होते. लेखकाला एवढं मोठं फुकटचं परीक्षण मंडळ वृत्तपत्रात कधीच मिळालं नसतं.

सुलभा काकू (ए-६०१): मला त्याच्या पोस्टची बांधणी सांगावीशी वाटते, कारण ती शिकण्यासारखी आहे. वर कुठल्या तरी बातमीचा किंवा लेखाचा लांब उतारा, खाली त्याचं भाष्य, पुन्हा उतारा, पुन्हा भाष्य. मग वाचकाचं पत्र, नाव-गाव काढून. दिवसभरात काही नवं आलं की तळाशी ‘अपडेट’, मग ‘अपडेट २’. अनेक वर्षं प्रत्येक प्रतिक्रिया तो स्वतः वाचून मगच सोडायचा. म्हणून तिथला वाद बराच काळ वाचण्याजोगा राहिला, विरोधी मताची माणसंही टिकून राहिली. आणि अधूनमधून वाचकांनी पाठवलेले जेवणाच्या टेबलाचे फोटो! धर्म, राजकारण आणि मासळीचं कालवण एकाच पानावर. मला ते फार आवडायचं.

धोका नाव गाळलेल्या पत्रात आहे. वृत्तपत्रात अनामिक माणसाचं म्हणणं छापायचं तर तो कोण आहे हे निदान संपादकाला माहीत असावं असा दंडक असतो. इथे पत्र लिहिणारा कोण हे फक्त ड्रेहरला माहीत, आणि छापायचं की नाही हे ठरवणाराही तोच. वाचकाने पडताळायचं कसं?

ओंकार (बी-१०४): पुढे अमेरिकेचा उपाध्यक्ष झालेल्या जे. डी. व्हान्सची मुलाखत याच ब्लॉगवर ना?

सुलभा काकू (ए-६०१): हो, जुलै २०१६. व्हान्सचं ‘हिलबिली एलेजी’ हे पुस्तक जूनच्या अखेरीस आलं होतं. ड्रेहरने त्याला प्रश्न पाठवले, लांबलचक उत्तरं आली, ती तशीच लावली. एवढे वाचक आले की संकेतस्थळ कोलमडलं, आणि पुस्तकाच्या खपाला तिथून जोर आला. वृत्तपत्रात हीच मुलाखत ८००-९०० शब्दांत कापली असती. इथे जागेची मर्यादा नव्हती, हा ब्लॉगचा खरा फायदा. उत्तरं पूर्ण असल्यामुळेच लोकांनी ती एकमेकांना पाठवली.

वैशाली (बी-४०२): आता पैशाचं कोणीतरी लिहा. ब्लॉग वाचायला फुकट होता, मग पगार कोण देत होतं?

प्रभाकर काका (ए-२०३): ‘द अमेरिकन कन्झर्व्हेटिव्ह’ ना-नफा संस्था चालवते, म्हणजे देणग्यांवर. ड्रेहरचा सहा आकडी डॉलरचा पगार मात्र हॉवर्ड अहमन्सन ज्युनियर या एकाच देणगीदाराकडून येत होता, आणि त्याच्या पोस्ट कोणीही न तपासता थेट प्रसिद्ध होत, असं ‘व्हॅनिटी फेअर’ने २०२३ मध्ये छापलं. त्या देणगीदाराला काही पोस्ट रुचेनाशा झाल्या, त्याने हात आखडला आणि मार्च २०२३ मध्ये १२ वर्षांचा ब्लॉग बंद झाला.

वृत्तपत्रात जाहिरातदार शेकड्यांनी असतात. एक रागावून गेला तरी पान निघतं. शिवाय लेखक आणि जाहिरातदार यांच्यामध्ये संपादक उभा असतो. इथे संपादकही नाही आणि दाताही एकच. लेखकाला सावध करणारं कोणी नाही, दात्याला समजावणारं कोणी नाही. एका खांबावरचा तंबू किती दिवस टिकणार?

मृणाल (सी-५०१): ड्रेहरने दुसरा खांब आधीच रोवायला घेतला होता. २०२० पासून सबस्टॅकवर (लेखकाला वाचकांकडून थेट वर्गणी घेऊन ईमेलने लेख पाठवता येतात ते संकेतस्थळ) वर्गणीचं पत्र चालू केलं होतं. त्याचं गणित असं. महिना ५ डॉलर वर्गणी धरा. सबस्टॅक १० टक्के घेतं, म्हणजे ५० सेंट. कार्डाचा व्यवहार स्ट्राइपमार्फत, त्याचे साधारण २.९ टक्के अधिक ३० सेंट, म्हणजे सुमारे ४५ सेंट. लेखकाच्या हाती ४ डॉलरच्या आसपास. तो ३० सेंटचा ठरावीक भाग लहान वर्गणीला जास्त लागतो. वर्षाचे ५० डॉलर एकदम घेतले तर तो एकदाच जातो, म्हणून लेखक वार्षिक वर्गणीचा आग्रह धरतात. यात धोका वेगळा: पैसे देणारा वाचक बहुधा आधीच पटलेला असतो. जुन्या ब्लॉगवर फुकट येऊन भांडणारे विरोधक इथे कमीच.

२०२२ मध्ये तो हंगेरीत बुडापेस्टला गेला, डॅन्युब इन्स्टिट्यूट या अभ्यास संस्थेत. त्या संस्थेला तेव्हाच्या हंगेरी सरकारचा पैसा एका प्रतिष्ठानामार्फत मिळत होता. हंगेरीच्या राजकारणावर तो लिहितो तेव्हा हे वाचकाला माहीत असायलाच हवं.

सुलभा काकू (ए-६०१): आणि तिथलंच जानेवारी २०२३ चं प्रकरण. तेव्हाचे हंगेरीचे पंतप्रधान व्हिक्टर ऑर्बान निवडक पाहुण्यांशी बोलले, ड्रेहरने ते ब्लॉगवर लिहिलं. ऑर्बान यांनी युक्रेनची तुलना अफगाणिस्तानशी केल्याचा उल्लेख त्यात होता. युक्रेनने हंगेरीच्या राजदूताला बोलावून जाब विचारला. हंगेरीने युरोपीय संघात राहावं का, या प्रश्नावरचं ऑर्बान यांचं उत्तरही आधी एका रीतीने छापलं आणि नंतर त्या मजकुरात बदल केला.

डेस्क असतं तर उपसंपादकाने तीनच प्रश्न विचारले असते. हे बोलणं छापण्यासाठी होतं का? ध्वनिमुद्रण आहे की वहीतली टिपणं? अवतरणचिन्हातले शब्द जसेच्या तसे आहेत का? पंधरा मिनिटांचं काम. ब्लॉगवर चूक कळते ती प्रसिद्ध झाल्यावर, आणि तोवर ती वेगवेगळ्या भाषांत पोचलेली असते.

ओंकार (बी-१०४): बदललेला मजकूर आज बघता येतो का?

मृणाल (सी-५०१): बहुतेकदा येतो. पोस्टचा पत्ता कॉपी कर, इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये (वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणारी सेवा) टाक. कॅलेंडर उघडेल, ज्या तारखांना पानाची प्रत घेतली त्यांवर ठिपके दिसतील. पहिल्या दिवशीची सर्वांत जुनी प्रत उघड, मग आठवड्यानंतरची. दोन्हींतला मजकूर साध्या फाइलमध्ये उतरवून शेजारी ठेव. एक अडचण: प्रत घेण्याआधीच, पहिल्या तासाभरात बदल झाला असेल तर तो तिथे सापडणार नाही. म्हणून वादग्रस्त काही दिसलं की ‘सेव्ह पेज नाऊ’ने लगेच प्रत करून ठेवायची.

वैशाली (बी-४०२): मग रविवारसाठी दोनच गोष्टी वाचून या: २०१६ ची व्हान्स मुलाखत आणि जानेवारी २०२३ ची ऑर्बानवरची पोस्ट. दुसरीच्या दोन्ही प्रती हव्यात. ओंकार, तारखांसह दोन्ही लिंक शुक्रवारपर्यंत इथे टाकशील का? ज्येष्ठांसाठी मी छापील प्रती काढते. किती लागतील ते कळवा.