कोणते टायर घातले आणि पुढे काय झालं? अनुभव लिहा

‘डोळे झाकून मिशेलिन घे’ किंवा ‘ब्रिजस्टोनला तोड नाही’ एवढ्यावरून टायर घ्यायला निघालेल्या माणसाचं काहीच ठरत नाही. म्हणून हा धागा. टायरचा साइज, गाडी कुठे जास्त चालते आणि किती वापरानंतरचं मत आहे, एवढं प्रत्येकाने लिहाच. तक्रार असेल तर कंपनीचं नाव न घेता लिहा. एका खराब नगावरून कुणाला झोडपायचं नाहीये.

सेडान, 205/55 R16, बहुतेक हायवे

गाडीबरोबर आलेले टायर गोटा व्हायला आले तेव्हा मिशेलिन प्रायमसी 4 घातले. पहिला फरक आवाजात. खडबडीत डांबरावर मागच्या सीटवरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागायचं, ते थांबलं. आता 30 हजार किलोमीटरच्या पुढे गेलेत. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबताना अजून भरवसा वाटतो. मी पुन्हा हेच घेईन.

वरच्यांना

टायर चांगलाच आहे, वाद नाही. पण तुम्ही दोन कंपन्या ताडून पाहिल्या नाहीत, नवा आणि जुना टायर ताडून पाहिला. नव्या टायरची खाच साधारण 8 मिमी खोल असते, तुमचे जुने 2 मिमीवर आले असणार. त्या जागी कोणतेही नवे घातले असते तरी पहिले काही महिने गाडी लोण्यासारखीच चालली असती. शिवाय गाडीबरोबर येणारे टायर गाडीच्या कंपनीच्या मागणीनुसार बनतात. मायलेजचा आकडा चांगला दिसावा म्हणून फिरताना कमी विरोध करणारे मागवतात. बीएमडब्ल्यूच्या टायरवर तारा असतो, मर्सिडीजच्या टायरवर ‘एमओ’. नाव तेच असलं तरी दुकानातला बिनखुणेचा टायर वेगळा असू शकतो.

टॅक्सी, दिवसभर शहरात

आमचा हिशेब सरळ: किंमत भागिले किलोमीटर. टायरच्या बाजूवर ‘ट्रेडवेअर’ असा आकडा असतो, 300, 400, 500. मोठा आकडा म्हणजे टायर जास्त टिकणार. पण तो कंपनीच आपल्या चाचणीवरून देते, त्यामुळे एका कंपनीचे 400 दुसऱ्या कंपनीच्या 400 शी जुळतीलच असं नाही. एकदा असाच मोठ्या आकड्याचा, दगडासारखा टायर घातला होता. झिजायचं नाव नाही, पण पाऊस पडला की सिग्नलला गाडी थांबायच्या रेघेपुढे जायची. विकून टाकले. आता अपोलो आणि गुडइयर आलटून पालटून वापरतो, आणि दर 10 हजारांना चाकं पुढची मागे करतो. खरं सांगू का, या अदलाबदलीने जेवढं आयुष्य वाढलं तेवढं कंपनी बदलून कधी वाढलं नाही.

हॅचबॅक, पावसात रोजचा प्रवास

मी योकोहामा ब्लूअर्थ घातलेत, दोनच. यावरून टायरवाल्याशी वाद झाला. गाडी पुढच्या चाकांवर चालते म्हणून तो नवे पुढे लावत होता. मी मागे लावून घेतले. पाण्यावर पुढची चाकं तरंगली तर गाडी सरळ जाते, ॲक्सिलरेटर सोडला की सहसा सावरते. मागची तरंगली तर गाडी गरकन फिरते, आणि तिथे तुमची-आमची चालवण्याची हुशारी चालत नाही. टायर कंपन्याही हेच सांगतात. टायरचं म्हणाल तर उत्तम, मऊ आहेत.

इलेक्ट्रिक गाडी

बॅटरीचं वजन आणि पहिल्या सेकंदापासूनचा जोर, दोन्ही टायरच खातात. माझे आधीच्या पेट्रोल गाडीपेक्षा बरेच लवकर झिजले. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे टायरचा आवाज जास्त जाणवतो, म्हणून आतून फोम चिकटवलेले कॉन्टिनेंटल घेतले. गाडी शांत झाली. पंक्चर काढताना मात्र त्या जागेचा फोम आधी खरवडावा लागतो, आणि हे काम येणारा माणूस शोधावा लागतो. बदलताना लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, बघा. 91 म्हणजे एका टायरवर 615 किलो. मूळ आकड्यापेक्षा कमी चालणार नाही.

गाडी कमी चालते, उभीच जास्त

माझ्याकडे लिहिण्यासारखे किलोमीटरच नाहीत. खाच भरपूर शिल्लक, पण बाजूला बारीक चिरा पडल्या म्हणून चारही काढले. तेव्हापासून आधी तारीख बघतो: टायरच्या बाजूवर ‘डॉट’ (DOT) ने सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार अंक. 2323 म्हणजे 2023 सालचा 23 वा आठवडा. दुकानात दोन वर्षं पडून राहिलेला नामांकित टायर घेण्यापेक्षा मी ताजा सीएट घेतला. स्टेपनीची तारीख कोणी बघतं का? बघा.

एसयूव्ही, खड्डेच खड्डे

दिसायला छान म्हणून मोठी रिम आणि कमी उंचीचे टायर घातले. एका खड्ड्यात बाजूला फुगा आला, आतले धागे तुटले. कंपनीने वॉरंटी नाकारली, आणि नियमाने बरोबरच होतं, तो आघात होता. पुन्हा मूळ साइजवर आलो, एमआरएफ वाँडरर. फुगा आलेला टायर कोणी ‘चालेल अजून’ म्हणालं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

ब्रँडवरून भांडणाऱ्यांसाठी

फायरस्टोन 1988 पासून ब्रिजस्टोनचीच आहे. बीएफगुडरिच मिशेलिनकडे, कूपर 2021 पासून गुडइयरकडे. चालू द्या.

घरात एकाच मॉडेलच्या दोन गाड्या

आमच्याकडे ही चाचणी आपोआप झाली. दोन्ही गाड्यांचे टायर एकाच सुमारास संपले. माझ्या गाडीला ब्रिजस्टोन, बायकोच्या गाडीला योकोहामा, साइज एकच. ओल्यात-कोरड्यात आम्हाला फरक सांगता येत नाही. सिमेंटच्या रस्त्यावर तिची गाडी किंचित शांत, एवढंच. पण माझे पुढचे टायर दोन्ही कडांना जास्त झिजले. मी हे कंपनीच्या खात्यावर टाकायला निघालो होतो. तिने विचारलं, हवा शेवटची कधी तपासलीस? हवा कमी असली की कडाच जास्त झिजतात. ती दर पंधरा दिवसांनी, टायर गार असताना, दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरते. आता गाड्या अदलून चालवतोय. पुढच्या मोजणीनंतर इथेच आकडे टाकतो.