शब्दचर्चा: दवाखान्यात ‘लठ्ठ’ म्हणावं का?

रुईचं पान: दवाखान्यासाठी माहितीपत्रक लिहितेय. मसुद्याची सुरुवातच ‘लठ्ठ रुग्णांनी’ अशी आहे. वाचणारा तिथेच कागदाची घडी घालेल. दुसरं काय लिहू?

जुनी पोथी: ‘स्थूल’ लिहा. सभ्य शब्द आहे.

चष्मिष्ट: संस्कृत आहे म्हणून सभ्य वाटतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला 21वा अध्याय काढा, नावच ‘अष्टौनिन्दितीय’. शरीरावरून निंदित ठरलेले आठ जण: फार उंच, फार ठेंगणा, फार केसाळ, केसच नसलेला, फार काळा, फार गोरा, अतिस्थूल, अतिकृश. (फार गोराही निंदित! वधूवरसूचकवाल्यांना कळवायला हवं.)

कृष्णाकाठ: बोलीभाषा काही कमी नाही. ‘तब्येत सुधारली’ म्हणजे अंग भरलं, ‘तब्येत उतरली’ म्हणजे वाळला. बाळ असताना गुटगुटीत, बाळसेदार. तेच पोर शाळेत गेलं की ‘जाड्या’. आणि लग्न झालेल्या मुलीला ‘सुटलीस गं!’ मला हे ‘सुटणं’ लठ्ठपेक्षा वाईट वाटतं. लठ्ठ नुसतं वर्णन तरी करतो. सुटलीस म्हणताना तिनंच ताबा सोडल्याचा ठपका असतो. थायरॉइड, पीसीओएस (संप्रेरकं बिघडून पाळी अनियमित होणारा विकार), स्टेरॉइड, आनुवंशिकता, काहीही असो, दोष तिचाच.

चष्मिष्ट: शिवाय लठ्ठ कोण, हे तक्ता ठरवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, तो आकडा) 30पासून, भारतीयांसाठीच्या 2009च्या निकषांत 25पासून. 26वाली बाई इकडे लठ्ठ, तिकडे नाही.

जुनी पोथी: मग ‘लठ्ठपणा असलेली व्यक्ती’? इंग्रजीत हल्ली माणूस आधी आणि आजार नंतर लिहितात.

चष्मिष्ट: मराठीत विशेषण आधी येतं, त्यामुळे तुमच्या वाक्यात लठ्ठपणाच पुढे आणि व्यक्ती मागे! ‘ज्यांचं वजन जास्त आहे त्यांनी’ लिहा. चार शब्द वाढतील, वाढू देत.

पांढरी साडी: मी वॉर्डात काम करते. शब्दाआधी सामान बघा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर रक्तदाब असतो त्यापेक्षा जास्त दिसतो. तेव्हा ‘तुमच्या दंडाला पट्टा बसत नाही’ म्हणायचं नाही, ‘थांबा, मोठा पट्टा आणते’ म्हणायचं. बाकाशेजारी बिनहाताच्या खुर्च्याही ठेवा. आणि सर्दीसाठी आलेल्या बाईला आधी सर्दीचं विचारा.

रुईचं पान: ‘ज्यांचं वजन जास्त आहे’ घेतलं. लठ्ठपणा फक्त निदानाच्या रकान्यात ठेवते. कर्मचाऱ्यांच्या सूचनांत एक ओळ राहिलीय: काट्यावरचा आकडा रांगेसमोर मोठ्यानं सांगू नये. हे नीट कसं लिहू?

पांढरी साडी: ‘वजन करायचं का, हे आधी विचारावं. आकडा कागदावर लिहावा.’ आमच्याकडे काट्याच्या वरच चिकटवलंय.